जीपचं मायलेज आणि आईचा दमा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास वस्तीतला एक मुलगा दारात आला. "जय भीम, सिस्टर. आईला दम लागलाय, जरा चला ना." त्याच्या आईला दम्याचा जुना त्रास आहे. त्या रात्री तिला एक वाक्यही सलग बोलता येत नव्हतं. त्याच्याच जीपमधून तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे ऑक्सिजन आणि नेब्युलायझर दिल्यावर तासा-दीड तासाने श्वास मोकळा झाला.

परत निघताना त्याने जीप चालू केली आणि सायलेन्सरमधून काळा लोट निघाला. मी विचारलं, "ही असा धूर कधीपासून सोडते?" तो म्हणाला, "महिना झाला असेल. मायलेज वाढवायची पेटी बसवून आणली. लिटरमागे दोन-तीन किलोमीटर जास्त मिळतात." हीच जीप रोज पहाटे त्याच्या दारात दहा-पंधरा मिनिटं चालू उभी असते आणि आईची खाट दाराशीच असते.

आपली अनेक मुलं अक्कलकुव्याहून खापर, तळोदा, देवगोई घाटाने मोलगी अशा फेऱ्या मारतात. डिझेल महाग, गाडीवर कर्ज, महिन्याला हप्ता. मायलेज वाढेल असं कुणी म्हटलं की मन वळणारच. त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. ही पेटी नेमकं काय करते आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे घरातल्या सगळ्यांना कळावं म्हणून लिहिते आहे.

पेटी काय करते?

डिझेल इंजिनात ताकद वाढवायची म्हणजे जास्त डिझेल सोडायचं. पण डिझेल पूर्ण जळायला पुरेशी हवाही लागते. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी होते. म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीने मर्यादा घातलेली असते : हवा एवढी असेल तर डिझेल एवढंच.

ही मर्यादा तीन प्रकारे मोडली जाते. जुन्या गाडीत मेकॅनिक पंपाची सेटिंग फिरवून डिझेल वाढवतो. नव्या गाडीत लॅपटॉप जोडून कॉम्प्युटरमधला हिशोबच बदलतात, त्याला रिमॅप म्हणतात. तिसरा प्रकार पेटीचा. ती डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत बसते आणि 'दाब कमी आहे' असा खोटा निरोप कॉम्प्युटरला देते. कॉम्प्युटर दाब वाढवतो आणि नोझलमधून जास्त डिझेल जातं.

आता मायलेजचं बघा. अनेक गाड्यांत समोरच्या मीटरवरचा मायलेजचा आकडा कॉम्प्युटरच्याच हिशोबातून येतो. कॉम्प्युटरला फसवलं की डिझेल जास्त जाऊनही मीटर कमी खर्च दाखवू शकतं. म्हणजे मीटरवर दिसलेली बचत टाकीत असेलच असं नाही.

खरं तेही सांगायला हवं. जाणकाराने नीट केलेल्या रिमॅपमुळे गाडीला खालच्या वेगात ओढ मिळते. चालकाने गिअर लवकर बदलला आणि पाय हलका ठेवला, तर सपाट रस्त्यावर थोडं डिझेल वाचू शकतं. पण भरलेली जीप घाटात चढवताना पाय हलका राहत नाही. वाढलेली ताकद तिथे वापरली जाते, म्हणजे डिझेलही जास्तच जळतं. शिवाय टर्बो, क्लच आणि इंजिनवर ताण येतो. नवी गाडी असेल तर वॉरंटीही जाऊ शकते.

धूर शरीरात काय करतो?

डिझेलच्या काजळीचे कण डोळ्याला न दिसण्याइतके बारीक असतात. बहुतेक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान. नाक त्यांना अडवू शकत नाही, तोंडाला बांधलेला रुमालही नाही. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथली नाजूक त्वचा सुजते आणि अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. दमा उसळतो, जुना खोकला वाढतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. गरोदर बाई अशा हवेत सतत राहिली तर बाळ कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला. तंबाखूचा धूर त्याच यादीत आहे.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. छातीचा संसर्ग झाला, ऑक्सिजन कमी पडला की त्यांच्या वेदना उसळू शकतात. त्यांना धुरापासून जपायला हवं. घरात चूल असेल तर बाईच्या फुप्फुसात दोन धूर जातात, चुलीचा आणि रस्त्याचा. आणि सगळ्यात जास्त धूर ज्याच्या अंगावर जातो, तो चालक आणि गॅरेजमध्ये काम करणारा पोरगा आपल्याच घरातला असतो.

पीयूसी आहे, मग काय काळजी?

त्या मुलाने मला हेच सांगितलं होतं, "सिस्टर, पीयूसी पास आहे." पीयूसीच्या वेळी डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून ॲक्सिलरेटर दाबतात आणि धुराचा काळेपणा मोजतात. गाडीवर ओझं नसतं, चढ नसतो. नायट्रोजन ऑक्साइड हा श्वासनलिकेला जाळणारा वायू तर त्यात मोजलाच जात नाही. म्हणून पीयूसी पास झालेली गाडीही घाटात काळा धूर ओकू शकते.

गाडीच्या कॉम्प्युटरमधली लबाडी केवढी मोठी असू शकते, हे 2015 साली जगाने पाहिलं. तपासणी चालू असताना कमी आणि रस्त्यावर जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडणारं सॉफ्टवेअर फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत अमेरिकेत सापडलं. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या होत्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेने या कंपनीच्या गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या. त्यानंतर डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 500 कोटींचा दंड ठोठावला. भारतातले नियम मोडले नाहीत असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे कारवाईला स्थगिती मिळाली.

एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 नियम आले. कारसाठी डिझेलच्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली. यासाठी नव्या गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काही ठिकाणी मायलेजच्या नावाखाली ती काढून देतात. ईजीआर नावाचा व्हॉल्व्हही बंद करून देतात. जाळी काढली की काजळी सरळ वस्तीत.

कायद्यानेही हे चालत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेला बदल केल्यास गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रदूषणाचे नियम मोडल्यास 10 हजारांपर्यंत दंड, कैद आणि तीन महिने लायसन्स बंद, अशीही तरतूद आहे. पेटी विकणारा हे सांगत नाही. दंड मात्र मालकाच्या नावावर येतो.

मग डिझेल वाचवायचं कसं?

- मायलेज टाकीवर मोजा. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा. पुन्हा फुल करताना किती लिटर बसलं ते बघा. 300 किलोमीटरला 25 लिटर लागलं तर मायलेज 12. असं तीन-चार वेळा मोजा.
- एअर फिल्टर वेळेवर साफ करा, बदला. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो.
- टायरची हवा दर आठवड्याला तपासा.
- काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल आणि फिल्टर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.
- वेग एकसारखा ठेवा, ओझं क्षमतेपेक्षा जास्त भरू नका.
- गाडी दारात चालू ठेवू नका. इंजिन सुरू करून लगेच हळू निघा, ते चालता चालता गरम होतं. घाट चढून आल्यावर मात्र टर्बो निवायला मिनिटभर चालू ठेवून मग बंद करा.
- सायलेन्सरचं तोंड कुणाच्या दाराकडे, अंगणवाडीकडे किंवा शाळेकडे करून गाडी उभी करू नका.

दम लागला तर

रुग्णाला झोपवू नका, बसवा. कपडे सैल करा, धुरापासून दूर न्या. डॉक्टरांनी दिलेला पंप लगेच द्या. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, लहान मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील तर वाट बघू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "तीन वेळा टाकीवर मोज आणि मग मला सांग." पंधरा दिवसांनी तो वही घेऊन आला. मीटर 15 दाखवत होतं, टाकीवर साडेबाराही बसत नव्हते. त्याने पेटी काढून टाकली, एअर फिल्टर बदलला आणि नोझल तपासून घेतले. आता जीप रात्री वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याकडे उभी असते. आईचा दमा गेला नाही, जाणारही नाही. तिचा पंप चालू आहे. पण पहाटेचा तो लोट तिच्या खाटेपर्यंत येत नाही.

तुमच्या घरी गाडी असेल तर उद्या सकाळी ती चालू होताना मागे उभं राहून एकदा सायलेन्सरकडे बघा.