सात अक्षरांचं आश्वासन

जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार यून सुक-योल यांनी फेसबुकवर कोरियन लिपीतली अवघी सात अक्षरं टाकली. अर्थ एवढाच : ‘स्त्री व कुटुंब मंत्रालय रद्द’. ना कारण, ना पर्याय. मार्चमध्ये ते ०.७३ टक्क्यांच्या फरकाने निवडून आले. मतदानोत्तर चाचणीत तिशीच्या आतल्या सुमारे ५९ टक्के पुरुषांनी यून यांना, तर त्याच वयाच्या ५८ टक्के स्त्रियांनी त्यांचे प्रतिस्पर्धी ली जे-म्युंग यांना पसंती दिल्याचं दिसलं. एकाच बाकावर बसून शिकलेली पिढी मतदानाला गेली ती दोन दिशांना.

या मंत्रालयावरचा तरुण मुलांचा राग खोटा नव्हता. तिथे धडधाकट मुलाची उमेदीची जवळपास दीड वर्षं सक्तीने सैन्यात जातात; वर्गातल्या मुली तोवर पुढे निघून जातात. पूर्वी सैन्यसेवेबद्दल सरकारी नोकरीच्या परीक्षेत ३ ते ५ टक्के जादा गुण मिळत, ते १९९९ मध्ये संविधान न्यायालयाने रद्द केले. दाद मागणाऱ्यांत विद्यार्थिनींबरोबर एक अपंग पुरुषही होता, हे पुढे कुणी आठवलं नाही. आणि ज्या मंत्रालयावर खापर फुटलं, ते स्थापन झालं २००१ मध्ये. म्हणजे गुण गेले तेव्हा आरोपी जन्मालाही आलेला नव्हता!

यावर तरुणांचं म्हणणं असं, की पुरुषपणाचे फायदे उपभोगले आमच्या वडिलांनी, आणि बिल मात्र आमच्या नावावर. त्यात तथ्य आहे. स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तेव्हाची सुमारे ३१ टक्क्यांची दरी प्रगत देशांत सर्वांत मोठी असली, तरी विशीत ती बरीच कमी असते. पण लग्न आणि मूल होताच ती रुंदावते, आणि ती विशीतल्या मुलीला आत्ताच समोर दिसत असते. शिवाय एकाची तक्रार दूर करायला दुसऱ्याचं दार बंद करावं लागतं, हे कुठून आलं? शिपायांचा पगार वाढवण्याचं आश्वासन यून यांनी त्याच महिन्यात दिलं होतं. ते रास्तच होतं, आणि त्यासाठी कुठलंही मंत्रालय मोडायची गरज नव्हती.

मुलांच्या रागावर मतं मागण्याचा हा डाव निवडणूक जिंकून देतो, असंही म्हटलं जातं. जेमतेम जिंकून दिली. तरुणी तेवढ्याच एकवटून विरोधात गेल्या. संसदेत बहुमत नसल्याने मंत्रालय रद्द झालंच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लष्करी कायदा पुकारणारे यून पुढच्या एप्रिलमध्ये पदच्युत झाले, जूनमध्ये ली निवडून आले आणि मंत्रालयाच्या नावात ‘स्त्री’च्या जागी ‘लिंगसमानता’ आली. त्या निवडणुकीतही विशीतल्या ५८ टक्के स्त्रिया ली यांच्यामागे होत्या; पुरुष जेमतेम २४ टक्के. सक्तीची दीड वर्षं अजून तशीच आहेत.