नेट नेमकं अडतं कुठे?
तारेविना घरगुती इंटरनेट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आधी एअरटेलने आणि मग जिओने आपापली ‘एअरफायबर’ सेवा सुरू केली. जिथे फायबर पोहोचलेलं नाही किंवा जुन्या इमारतीत नवी केबल ओढणं अवघड आहे, अशा घरांना ५जी टॉवरवरून येणारं हे इंटरनेट खरा आधार ठरलं. मुलांचा अभ्यास, घरून काम, सरकारी अर्ज सगळं त्यावर चालतं. म्हणूनच नेट मंदावलं की घरात जीव टांगणीला लागतो आणि घाईघाईत पैसे खर्च होतात. कुणी नवा राउटर आणतो, कुणी मोठा प्लॅन घेतो, कुणी ‘बूस्टर’ मागवतो. पुष्कळदा हे सगळं ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असं होऊन बसतं.

एक गोष्ट लक्षात ठेवली तर हे टळतं. या इंटरनेटचा बिनतारी प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा टॉवरपासून गच्चीवरच्या किंवा खिडकीबाहेरच्या यंत्रापर्यंत, दुसरा घरातल्या राउटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंत. मधे फक्त एक केबल असते. बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे कळल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड.

गैरसमज : मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या काड्या दिसतात, म्हणजे नेट उत्तम आहे.

वस्तुस्थिती : त्या काड्या फक्त दुसऱ्या टप्प्याबद्दल सांगतात. राउटर शेजारी असेल तर काड्या पूर्ण दिसणारच, मग टॉवरकडून थेंबभर डेटा येत असला तरी. खरी परीक्षा अशी करा : लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, त्याचं वाय-फाय बंद करा, घरातली बाकी उपकरणं थोडा वेळ थांबवा आणि स्पीड टेस्ट घ्या. केबलवरही वेग कमी असेल, तर दोष राउटरच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे : टॉवर, बाहेरचं यंत्र किंवा मधली केबल. केबलवर वेग पुरेसा आणि वाय-फायवर कमी असेल, तर उत्तर घरातच सापडेल.

केबलवरचा वेग दर वेळी ९०-९५ एमबीपीएसपाशीच येऊन थबकत असेल, तर आधी केबल तपासा. गिगाबिट वेगासाठी लॅन केबलच्या आतल्या तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात. एखादी जोडी तुटली की जोडणी १०० एमबीपीएसवर उतरते, आणि नेट चालू असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

गैरसमज : बाहेरचं यंत्र डिशसारखंच असतं. गच्चीवर कुठेही बसवलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : टीव्हीची डिश उपग्रहाकडे पाहते, हे यंत्र टॉवरकडे. मधे पाण्याची टाकी, पत्र्याची शेड किंवा समोरची नवी इमारत आली की सिग्नल घसरतो. भारतात ५जी साठी मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या सुमारे ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींइतक्या सहज भिंतीपार जात नाहीत. त्यामुळे यंत्र चार-पाच फूट सरकवण्यानेही फरक पडू शकतो.

सिग्नलची ताकद यंत्राच्या सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या तंत्रज्ञाकडे उणे आकड्यात दिसते. उणे ८० डीबीएम चांगली, उणे ११० अगदी क्षीण. हे मोजमाप साध्या पट्टीसारखं नाही. ३ डेसिबल घटले की ताकद निम्मी होते आणि १० घटले की दहावा हिस्सा उरतो. मात्र ताकद हा एकच निकष नव्हे. सिग्नल गोंगाटापेक्षा किती वरचढ आहे, हे सांगणारा ‘एसआयएनआर’ हा आकडाही पाहावा लागतो. तो २० च्या आसपास असेल तर उत्तम, शून्याजवळ असेल तर ताकद असूनही वेग मिळत नाही. सगळ्यांत जवळचा टॉवर सगळ्यांत चांगला असेलच असं नाही, ते याचमुळे.

गैरसमज : पावसाळ्यात नेट मंद होणारच, त्याला इलाज नाही.

वस्तुस्थिती : पावसाच्या थेंबांचा मोठा अडथळा २६ गिगाहर्ट्झसारख्या फार उच्च लहरींना होतो. ३.५ गिगाहर्ट्झवर तो किरकोळ असतो. पावसाळ्यातली खरी कारणं वेगळी असतात : यंत्र आणि टॉवर यांच्यामधल्या झाडाची दाट, ओली पालवी, केबलच्या जोडात शिरलेलं पाणी, वाऱ्याने हललेला खांब किंवा टॉवरची गेलेली वीज. यातली पहिली तीन दुरुस्त होऊ शकतात. म्हणून मृगाआधी कौलं शाकारतो तशी या जोडांचीही पाहणी करून घ्यावी.

गैरसमज : राउटर टीव्हीमागे किंवा कपाटात लपवला तरी काय बिघडतं?

वस्तुस्थिती : बरंच बिघडतं. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज, मासळीची टाकी आणि सळ्यांचा स्लॅब वाय-फाय अडवतात. राउटर घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, मोकळा ठेवा. त्याचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो, पण मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांच्या राउटरशी त्याची टक्कर होते. त्याच्या चॅनलपैकी १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण दोन भिंतींनंतर दमतो. राउटर असलेल्याच खोलीत काम करत असाल, तर ५ निवडा.

गैरसमज : १०० चा प्लॅन आहे आणि डाउनलोड १२ नेच होतं, म्हणजे फसवणूक.

वस्तुस्थिती : प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, डाउनलोड बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतं. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसला सेकंदाला १२.५ मेगाबाइट हेच पूर्ण माप आहे.

गैरसमज : रात्री नऊला नेट रेंगाळतं, मोठा प्लॅन घेतला की सुटेल.

वस्तुस्थिती : टॉवरची क्षमता परिसरातले सगळे मोबाइल आणि सगळी घरं वाटून घेतात. पहाटे वेग भरपूर आणि रात्री मंद असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. प्लॅनची कमाल मर्यादा वाढवून ती गर्दी हटत नाही. वेग महिनाअखेरीसच पडत असेल, तर प्लॅनची डेटा मर्यादा संपली नाही ना, हे आधी पाहा.

गैरसमज : बाजारातला ‘बूस्टर’ लावला की काम झालं.

वस्तुस्थिती : मोबाइल सिग्नलचा बूस्टर परवानगीशिवाय बसवणं भारतात बेकायदा आहे. तो गोंगाटही वाढवतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांची रेंज बिघडवतो. वाय-फाय एक्स्टेंडर कायदेशीर आहे, पण एकाच रेडिओवर घेणं आणि देणं करणारा एक्स्टेंडर वेग जवळपास निम्मा करतो. आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणं हा अधिक भरवशाचा मार्ग आहे.

आता वहीचं एक पान घ्या. तीन दिवस, सकाळ-दुपार-रात्र, केबलवरचा आणि वाय-फायवरचा वेग लिहून ठेवा. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीला बहुतेक वेळा ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर मिळतं. ‘केबलवर सकाळी ९० मिळतात, रात्री ८, वाय-फायचा दोष नाही’ असं सांगितलं, तर तंत्रज्ञाला थेट गच्चीवर किंवा टॉवरच्या नोंदींकडे वळावं लागतं. पैसे भरणाऱ्या ग्राहकाच्या हातात याहून मोठा पुरावा नाही, आणि त्याला खर्च येतो तो एका पानाचा.