विश्लेषण : एक झेल, ३ यार्ड... तरीही जेरेमाया स्मिथ अपयशी का नाही?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या प्ले-ऑफमधला उपांत्य सामना. तारीख १० जानेवारी २०२५. ओहायो स्टेट विद्यापीठाचा जेरेमाया स्मिथ टेक्सासविरुद्ध अख्ख्या सामन्यात एकच चेंडू झेलू शकला. कमाई फक्त ३ यार्ड. त्याआधीच्याच सामन्यात त्याने ओरेगॉनविरुद्ध ७ झेलांत १८७ यार्ड आणि २ टचडाउन केले होते. मग टेक्सासविरुद्ध तो अपयशी ठरला का? वाइड रिसीव्हरचा हंगाम कसा जोखतात, हे समजून घ्यायला हा सामना उत्तम उदाहरण आहे.

वाइड रिसीव्हर म्हणजे कोण?

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाला १० यार्ड (साधारण ९ मीटर) पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि मैदानाच्या कडेने धावणारे रिसीव्हर तो झेलतात. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, म्हणजे ६ गुण.

हंगामाचे आकडे काय सांगतात?

ओहायो स्टेटचे २०२४ च्या हंगामातले तीन मुख्य रिसीव्हर असे :

• जेरेमाया स्मिथ : ७६ झेल, १३१५ यार्ड, १५ टचडाउन
• एमेका इबुका : ८१ झेल, १०११ यार्ड, १० टचडाउन
• कार्नेल टेट : ५२ झेल, ७३३ यार्ड, ४ टचडाउन

सर्वाधिक झेल इबुकाचे. पण प्रत्येक झेलामागची सरासरी काढली की चित्र बदलते. स्मिथ १७.३ यार्ड, टेट १४.१, तर इबुका १२.५. मग इबुका तिसरा का? तसे नाही.

सरासरी कमी, तरी मोल मोठे कसे?

इबुका बहुतेक वेळा ‘स्लॉट’मध्ये, म्हणजे कडेऐवजी आतल्या बाजूला खेळायचा. तिथे गर्दी जास्त आणि पास छोटे. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर मधल्या षटकांत एकेरी-दुहेरी धावा काढून डाव चालवणाऱ्या फलंदाजाचे काम. त्याचा स्ट्राइक रेट सलामीच्या फटकेबाजाशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. सहकारी धावत असताना प्रतिस्पर्ध्याला अडवून धरण्याचे काम तर आकड्यांत दिसतच नाही. इबुकाने कारकीर्द २०५ झेलांवर संपवली. हा ओहायो स्टेटचा विक्रम ठरला.

टेक्सासविरुद्ध नेमके काय झाले?

टेक्सासच्या बचावाचे सगळे लक्ष स्मिथवर होते. त्यामुळे इतरांना जागा मिळाली. टेटने ७ झेल घेत ८७ यार्ड कमावले, तर मध्यंतराच्या तोंडावर ट्रेव्हियन हेंडरसनने एक छोटा पास घेऊन ७५ यार्डांचा टचडाउन केला. ओहायो स्टेट २८-१४ ने जिंकले. स्मिथच्या नावावर ३ यार्ड लागले, पण त्याच्या धाकाने मोकळ्या झालेल्या जागेचा हिशेब कुठल्याच रकान्यात नाही.

मग आकडे निरुपयोगी का?

नाही. पण ते एकट्या रिसीव्हरचे नसतात. फेक चांगली हवी, क्वार्टरबॅकला वेळ मिळायला हवा, डावपेच नेमके हवेत. हेच तिघे संघात असताना ओहायो स्टेट नोव्हेंबरमध्ये मिशिगनकडून १०-१३ असे हरले होते.

खरी परीक्षा कोणती?

चेंडू कोणत्या क्षणी झेलला, ही. २० जानेवारीच्या अंतिम सामन्यात नोटर डेमविरुद्ध ओहायो स्टेट ३१-२३ ने पुढे होते. एक टचडाउन आणि २ जादा गुण मिळाले असते तर बरोबरी झाली असती. तीन मिनिटेही उरली नव्हती. तिसरा प्रयत्न होता आणि ११ यार्ड हवे होते. या वेळी स्मिथवर एकच बचावपटू होता. विल हॉवर्डने लांब फेकलेला चेंडू स्मिथने झेलला आणि संघ ५६ यार्ड पुढे सरकला. त्यानंतरच्या फील्ड गोलने ३४-२३ असे विजेतेपद पक्के झाले.

या मूल्यमापनाचा खेळाडूंना काय फायदा-तोटा?

यावरच व्यावसायिक कारकीर्द ठरते. एप्रिल २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये टॅम्पा बे संघाने इबुकाला पहिल्याच फेरीत १९ व्या क्रमांकावर निवडले. कमी सरासरी त्याच्या आड आली नाही. स्मिथ मात्र तेव्हा कॉलेजच्या पहिल्याच वर्षात होता. शाळा संपल्यावर तीन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय एनएफएलचे दार उघडत नाही. त्यामुळे हंगाम इतका गाजवूनही त्याला थांबावेच लागले.