भिवंडी, यंत्रमाग आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची धास्ती

हुशार यंत्र आलं की माणसाचा रोजगार जातो, हा समज भिवंडीच्याच इतिहासावर घासून पाहावा. 1982च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कापड विणण्याचं बरंचसं काम भिवंडीकडे वळलं. इथले यंत्रमाग गिरण्यांतल्या यंत्रांहून प्रगत नव्हते. कित्येक तर गिरण्यांनीच मोडीत काढलेले साधे माग होते. गिरणीत आठ तासांची पाळी, भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा होता. भिवंडीच्या शेडमध्ये बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. गिरणी कामगाराला हरवलं ते जुन्या यंत्रावरच्या स्वस्त श्रमाने. पुढे भिवंडीतले मागही बंद पडू लागले, तेव्हा सुताचे भाव, वीजदर, 2016ची नोटाबंदी अशीच कारणं होती. त्यांत बुद्धिमान यंत्र कुठेच नव्हतं.

आधी मागवाला आणि हमाल जाणार, कचेरीतला माणूस सुरक्षित, हाही समज उलटाच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2023च्या अभ्यासात मजकूर लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तंत्राचा सर्वाधिक परिणाम कारकुनी कामावर दिसला: त्यातली 24 टक्के कामं त्याच्या थेट आवाक्यात, आणखी 58 टक्के मध्यम प्रमाणात. बहुतेक नोकऱ्या मात्र नाहीशा न होता बदलतील, असाच त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. कारकुनी कामच आधी सापडण्याचं कारण उघड आहे. हे तंत्र शिकतं मजकुरावरून आणि चित्रांवरून. तुटलेला धागा हेरून फणीतून ओवणं आणि गाठ मारणं बोटांना जमतं, तिथे ते अजून चाचपडतंच आहे. यावर कोणी म्हणेल, रेपियरसारख्या आधुनिक मागावर माणसं कमी लागतात आणि ॲमेझॉनच्या गोदामांत जगभर 10 लाख रोबो झाले, त्याचं काय? आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकू नये. पण महागडा रोबो परवडतो तो मजुरी चढी असते तिथे. भिवंडीजवळच्या मानकोली-पूर्णा पट्ट्यातल्या गोदामांत जवळचा धोका वेगळा आहे: हातातला स्कॅनरच कामाचा वेग ठरवू लागला, तर दम खायला उसंत कोण देणार?

सर्वांत महागात पडेल तो गैरसमज म्हणजे यंत्राला सगळं ठाऊक असतं. ते संभाव्य शब्द जुळवतं. खरं-खोटं पडताळतंच असं नाही. 2023मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिले आणि 5000 डॉलरचा दंड भरला. आपल्याकडचं उदाहरण घ्या. कृत्रिम धाग्याच्या सुतावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025पासून 12वरून 5 टक्क्यांवर आला. जुन्या माहितीवर शिकलेलं यंत्र 12च सांगेल, तेही ठामपणे. बिल चुकलं तर नोटीस मात्र पेढीच्या नावावर निघेल. पत्राचा मसुदा, हिंदी-तेलुगू भाषांतर, साठ्याचा तक्ता यांसाठी ते खुशाल वापरावं. दर सरकारी अधिसूचनेतूनच घ्यावा, आणि कामगारांचे आधार क्रमांक किंवा गिऱ्हाइकांचे बँक तपशील त्यात टाकू नयेत.

कापडातले दोष कॅमेऱ्याने टिपणारी यंत्रणाही आज बाजारात मिळते. तिने डाग दाखवला म्हणून मजुरी कापण्याआधी तो तागा माणसाने पाहिला पाहिजे, ही अट यंत्रमाग मालकांनी आणि कामगार संघटनांनी यंत्रणा बसवण्यापूर्वीच करारात लिहून घ्यावी.