ई-पत्रावरील न दिसणारी मोर्तब

शिवकाळात पत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटवीत आणि मजकूर संपला की खाली मोर्तब करीत. मोर्तबेखाली कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती मागाहूनची हे लगेच कळे. आज दारव्ह्याची शाळा असो की झरी-जामणीची नगरपंचायत, पत्रे ईमेलने येतात. त्यांना ना कागद, ना शाई. मग पत्र खरे कशावरून मानायचे?

त्याकरिता एक सोय आहे, डीकेआयएम नावाची. तिचे नियम २००७ साली प्रसिद्ध झाले. पत्र पाठविणाऱ्या संस्थेच्या संगणकाजवळ एक गुप्त किल्ली असते. पत्राचा मजकूर व वरच्या काही ओळी घेऊन तो त्या किल्लीने, गणिताच्या आधारे, सही तयार करतो. ही सही पत्राच्या एरवी न दिसणाऱ्या भागात असते. गुप्त किल्लीची जोडीदार किल्ली मात्र उघडी असते. इंटरनेटवरील नावांच्या जाहीर नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, संस्थेच्या नावाखाली ती नोंदलेली असते. तुमची ईमेल सेवा ती नोंद काढून सही पडताळते. वाटेत खाते क्रमांकातला एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही. गंमत अशी, की उघड्या किल्लीने सही तपासता येते, करता मात्र येत नाही.

हे आपल्याला पाहता येते का? येते की! संगणकावर जीमेलमध्ये पत्र उघडा, तीन ठिपक्यांवर टिचकी मारा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. तेथे डीकेआयएमपुढे निकाल आणि सही करणाऱ्या डोमेनचे नाव दिसेल.

पण ‘पास’ म्हणजे सज्जनपणाचा दाखला नव्हे, बरे का. चोरही स्वतःचे डोमेन घेऊन त्याची अस्सल सही करू शकतो! म्हणून निकालाबरोबर नावही वाचा. ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो. मध्येच कोठे ‘गव्ह’ आणि शेवटी ‘डॉट कॉम’ दिसले, तर मुद्रा परकी समजा. उलट, ‘फेल’ दिसले म्हणून पत्र खोटेच, असेही नाही. एकाने दुसऱ्याकडे धाडताना मजकुरात भर पडली, तरी सही मोडते.

अशा वेळी पैसे थांबवा आणि कार्यालयाला विचारा. मात्र पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तुमच्या वहीतल्या जुन्या क्रमांकावर. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० वर कळवा.