सूतशेखर आणि लघु सूतशेखर : संगणकीय व्यवस्थापत्राचा एक धडा

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद चरकाचार्यांनी सांगितले आहेत. आज आपल्या अनेक चिकित्सालयांत त्यांच्या जोडीला संगणक येऊन बसला आहे. तो पाचवा पाद नव्हे. केवळ लेखनिक होय. याचा विसर पडल्यास काय घडू शकते, याचा अनुभव आम्ही नुकताच घेतला. तो वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधविक्रेत्यांपुढे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

आमच्या चिकित्सालयातील जुनी संगणकप्रणाली बदलून आम्ही नवी बसविली. औषधयादीचे स्थलांतर होत असताना सारख्या दिसणाऱ्या नावांच्या काही नोंदी एकत्र केल्या गेल्या. त्यांत 'लघु सूतशेखर' ही नोंद 'सूतशेखर रस' या नोंदीत मिसळली. पुढे अम्लपित्ताने त्रस्त अशा एका गर्भिणीसाठी आम्ही लघु सूतशेखर योजला. यादीत एकच सूतशेखर दिसत होता. घाईत तोच निवडला गेला आणि छापील व्यवस्थापत्र न वाचता आम्ही स्वाक्षरी केली. औषधे देणाऱ्या भगिनींनी "डॉक्टर, गर्भिणीला हाच कल्प द्यायचा आहे ना?" असे विचारले, म्हणूनच अनर्थ टळला.

या दोन कल्पांतील भेद केवळ 'लघु' या शब्दापुरता नाही. लघु सूतशेखरात शुद्ध गैरिक व शुंठी यांना नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना असते. सूतशेखर रसात मात्र कज्जली व ताम्रभस्मासह वत्सनाभ आणि धत्तूरबीज आहे. ही दोन्ही वनस्पतिद्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मधील विषद्रव्यांत मोडतात.

या प्रसंगानंतर आम्ही पुढील शिस्त घालून घेतली. कल्पाचे पूर्ण नाव, ग्रंथाधार व गोळीचे वजन यांवाचून कोणतीही नोंद स्वीकारायची नाही. मात्रा मिलिग्रॅममध्येच लिहायची. जुन्या नोंदींतील १ गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम हे रूपांतर वैद्याने स्वतः तपासायचे. अनुपान व औषधसेवनकाल हे रकाने रिकामे राहिल्यास व्यवस्थापत्र छापले जाऊ नये. सारखी नावे वैद्याच्या संमतीवाचून एकत्र करायची नाहीत. नवी प्रणाली स्थिरावेपर्यंत जुनी यादी शेजारी ठेवून रोज पडताळा घ्यायचा.

औषधसाठ्याबाबतही हेच. संगणक वेष्टनावरील अंतिम दिनांक सांगतो. डबा कधी उघडला हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी हीन होते असे म्हटले आहे, तर आसव, धातू व रस जुने झाल्याने गुणवान होतात असे सांगितले आहे. म्हणून चूर्णाचा डबा उघडल्याचा दिनांक आम्ही आता नोंदवितो आणि ज्याची मुदत आधी संपणार तो आधी देतो.

२०१७ साली सुरू झालेल्या 'नमस्ते' पोर्टलमुळे आपल्या रोगनामांना प्रमाण संकेतांक मिळाले. कल्पनामांची शिस्त मात्र ज्याने त्याने आपल्या चिकित्सालयात पाळावयाची आहे. औषधविक्रेत्यांना आमची एकच विनंती आहे : व्यवस्थापत्र छापील आहे म्हणून ते निर्दोष मानू नका. शंका येताच वैद्याला विचारा. त्या दिवशी विचारलेल्या एका प्रश्नाचे ऋण आम्ही अद्याप विसरलेलो नाही.