दूर जायचं तर आवरायला हवं

संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर चक्री कोणी धरली आहे, यावर पतंगाचं निम्मं नशीब ठरतं. थोरला भाऊ ऐटीत आभाळाकडे बघत पतंग उडवत असतो. पण मागे चक्री धरून उभ्या असलेल्या धाकट्याचं काम जास्त अवघड. वाऱ्याचा झोत येतो, मांजा सरसर सुटतो, चक्री हातात गरगरू लागते आणि एकाएकी वारा पडतो. मांजा ओढणारं कोणी उरत नाही, पण चक्री मात्र आपल्याच तंद्रीत फिरत राहते. पुढच्या दोन सेकंदांत तिच्याभोवती असं जंजाळ होतं की, दुपार ते सोडवण्यात जाते आणि वर थोरल्याची बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

नेमका हाच गुंता, याच कारणानं, समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून गळ फेकणाऱ्या हौशी माणसांना पिढ्यान् पिढ्या छळत आला आहे. फरक इतकाच, की त्यांची चक्री आपल्या चक्रीच्या कितीतरी पट वेगानं फिरते. तो गुंता आवरण्यासाठी आधी घड्याळजी कामाला आले आणि नंतर आपल्या घरातल्या विजेच्या मीटरमध्ये वर्षानुवर्षं गुपचूप बसलेलं लोहचुंबक. त्याचीच ही गोष्ट.

गोट्यांच्या किनाऱ्यावर

इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेट परगण्यात, चेसिल नावाचा किनारा आहे. सुमारे २९ किलोमीटर लांबीचा नुसत्या गोट्यांचा बांधच म्हणा ना! पश्चिमेच्या टोकाला हे गोटे वाटाण्याएवढे, तर पूर्वेला पोर्टलंडकडे जावं तसे वाढत वाढत बटाट्याएवढे होतात. अंधारात किनाऱ्याला लागलेला जुना कोळी नुसता गोटा चाचपून आपण कुठे आहोत ते सांगे, असं तिकडे म्हणतात.

थंडीतल्या संध्याकाळी अशा किनाऱ्यांवर माणसं ओळीनं उभी दिसतात. अंगात जाड कोट, बाजूला चहाचा थर्मास, हातात बारा-तेरा फुटांची काठी. काठीला रीळ, रिळावर नायलॉनची दोरी, दोरीच्या टोकाला दीडशे ग्रॅमच्या आसपासचं शिसं आणि त्याच्या जवळ आमिष लावलेला गळ. ना होडी, ना जाळं. मासा जिथे आहे तिथपर्यंत गळ पोचवायचा तो निव्वळ फेकून. किनारा उथळ असेल तर लाटा जिथे फुटतात त्याच्या पलीकडच्या खोलगट पट्ट्यात मासे फिरत असतात. तिथे पन्नास मीटर फेकणारा रिकाम्या पिशवीनं परततो आणि शंभर मीटर फेकणारा घरी कालवणाची सोय करून येतो. म्हणूनच लांब फेकणं ही तिकडे स्वतंत्र विद्याच झाली. तिच्या स्पर्धा समुद्रावर नव्हे, तर मोकळ्या मैदानावर होतात. गळ नाही, मासा नाही. नुसतं शिसं किती लांब गेलं ते फितीनं मोजायचं. तिथले मुरलेले खेळाडू दीडशे ग्रॅमचं शिसं अडीचशे मीटरच्याही पलीकडे फेकतात.

घड्याळजींची करामत

या कामाला दोन जातींची रिळं वापरतात. पहिल्या जातीत रीळ स्थिर असतं आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. गिरणीत सुताच्या कांडीवरून धागा कसा सुटतो ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. फिरायला काही नाहीच, त्यामुळे ते वापरायला सोपं.

दुसरी जात ‘मल्टिप्लायर’ची. यात रीळ स्वतःच फिरतं. मूठ एकदा फिरवली की दातेरी चाकांमुळे रिळाचे अनेक फेरे होतात, म्हणून हे गुणाकाराचं नाव. अशी रिळं अठराव्या शतकात लंडनमध्ये विकली जात होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या गावात, जॉर्ज स्नायडर या घड्याळजीनं त्यांना सफाई आणली. विसाव्या शतकात स्वीडनमधल्या ‘आबू’ कंपनीनं या रिळांना जगभर नेलं. आपल्या अबूच्या पहाडाशी या नावाचा काही संबंध नाही. ‘घड्याळांचा कारखाना’ अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दांची ती आद्याक्षरं. १९२१ साली सुरू झालेली ही कंपनी घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनवायची. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीच्या मीटरांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तिचे कारागीर रिळांकडे वळले.

घड्याळजींचंच हे काम का, ते थोडा हिशेब केला की कळतं. शिसं सेकंदाला पन्नास मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगानं सुटलं असं धरू. भरलेल्या रिळाचा व्यास सुमारे चार सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात साडेबारा सेंटिमीटर दोरी सुटणार. मग पन्नास मीटर दोरी सुटायला सेकंदाला चारशे फेरे हवेत, मिनिटाला २४,०००! स्वयंपाकघरातला मिक्सर रिकामा फिरताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांच्या घरात असतो. हे इवलंसं रीळ त्याच्याही पुढे जातं, आणि तेही जागच्या जागी उभं असताना डोळ्याचं पातं लवायच्या आत.

आता संक्रांतीची चक्री आठवा. शिसं सुटतं त्या क्षणी त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. पुढे हवेच्या विरोधानं आणि मागे ओढाव्या लागणाऱ्या दोरीमुळे तो कमी कमी होत जातो. रिळाला मात्र हे कोणी कळवत नाही. ते पहिल्याच वेगानं दोरी सोडत राहतं. शिशाला हवी त्याहून जास्त दोरी बाहेर येते, तिची वेटोळी फुगतात, एकमेकांत अडकतात आणि रीळ खाडकन थांबतं. इंग्रज हौशी त्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. घरटं झालं की सुदैवी माणसाची संध्याकाळ जाते. दुर्दैवी माणसाची दोरी तुटते आणि ताशी पावणेदोनशे किलोमीटरनं निघालेलं शिसं मोकाट सुटतं. दीडशे ग्रॅमचा तो गोळा माणसाच्या डोक्यात बसला तर जीव जाऊ शकतो. म्हणून तिकडे पहिला धडा दिला जातो तो सुरक्षिततेचा. मुख्य दोरीच्या पुढे काही मीटर जाड दोरी जोडायचीच, आणि ती किती जाड? तर शिशाच्या दर औंसामागे दहा पौंड ताकदीची. पाच औंसांच्या शिशाला पन्नास पौंडांची.

न शिवता धरणारा हात

गुंता आवरायचा पहिला उपाय म्हणजे स्वतःचा अंगठा. फिरत्या रिळावर तो हलकेच टेकवायचा. फार दाबला तर पल्ला गेला, कमी दाबला तर घरटं झालं, आणि मध्येच चुकला तर कातडं सोललं. दुसरा उपाय बेअरिंगमध्ये दाट तेल घालण्याचा. पण तेल थंडीत घट्ट होतं, उन्हात पातळ. तिसरा उपाय रिळाच्या आत बसवलेल्या लहान ठोकळ्यांचा. रीळ वेगात फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि भोवतालच्या कड्याला घासतात. हा उपाय चांगलाच चालला आणि आजही चालतो. पण घासणारी वस्तू झिजते, शिवाय ठोकळे बदलायचे तर रीळ उघडावं लागतं.

१९८० च्या दशकात लोहचुंबकाचा ब्रेक असलेली रिळं बाजारात पसरू लागली. ॲल्युमिनियमच्या रिळाच्या कडेशी, पण त्याला न शिवता, लहान लहान चुंबकं बसवलेली. ॲल्युमिनियमला तर लोहचुंबक चिकटत नाही, मग ते अडवतं कसं?

उत्तर आपल्या व्हरांड्यातल्या जुन्या विजेच्या मीटरमध्ये आहे. आता जागोजागी इलेक्ट्रॉनिक मीटर आले. पण काचेमागे संथपणे फिरणारी, कडेला ठिपका असलेली ती चकती बहुतेकांना आठवत असेल. इस्त्री लावली की ती धावायची, दिवे मालवले की रेंगाळायची. ती चकती ॲल्युमिनियमचीच आणि तिच्या कडेला एक लोहचुंबक बसवलेलं असे. धातू चुंबकाजवळून सरकला की त्यात विजेचे छोटे छोटे भोवरे उठतात आणि ते भोवरे त्या सरकण्यालाच विरोध करतात. धातू जितका वेगात, तितका विरोध मोठा. धातू थांबला की विरोध शून्य. हे चुंबक नसतं तर चकती बेफाम सुटली असती आणि आपलं बिलही! १८२४ मध्ये फ्रान्सच्या आरागो यांना या प्रकाराची चाहूल लागली आणि १८५५ मध्ये फुको यांनी हे भोवरे प्रयोगानं दाखवले. पृथ्वी फिरते हे लंबकानं दाखवणारे फुको ते हेच.

रिळाला नेमका असाच ब्रेक हवा होता. सुरुवातीला, जेव्हा रीळ सर्वांत उधळलेलं असतं आणि घरट्याचा धोका सर्वांत मोठा असतो, तेव्हा हा हात घट्ट धरतो. वेग उतरेल तसा सैल सोडत जातो. काही घासत नाही, त्यामुळे काही झिजत नाही. बाहेरची कळ फिरवून चुंबकं जवळ आणायची किंवा दूर न्यायची, की ब्रेक कमी-जास्त. १९८० च्या दशकातच निओडिमियमची जबरदस्त चुंबकं निघाली आणि हरभऱ्याएवढ्या तुकड्यात हे काम होऊ लागलं. हौशी मंडळींनी तर घरच्या घरी जुन्या रिळांच्या झाकणाला आतून चुंबकं चिकटवून पाहिली. स्पर्धेतले काही खेळाडू शिसं हवेत असतानाच कळ फिरवून ब्रेक उतरवत नेतात.

ब्रेक असतो म्हणून…

आता खरी गंमत. नवशिक्याला वाटतं, लांब फेकायचं तर ब्रेक सोडून द्यावा. अडवणूक नको, रीळ मोकळं फिरू दे. तो चुंबकं दूर करतो, जोर लावतो आणि घरटं करून बसतो. मग पुढच्या वेळी गुंत्याच्या धास्तीनं हात आखडतो, जोर निम्मा लावतो आणि शिसं साठ मीटरवर पडतं. जाणता माणूस उलटं करतो. ब्रेक थोडा जास्तच ठेवतो आणि मग बिनघोर, अंग झोकून फेकतो. ब्रेक काही मीटर खातो खरा. पण मोकळ्या मनानं फेकलेल्या हातानं मिळणारे मीटर त्याहून कितीतरी जास्त असतात. गणितही त्याच्याच बाजूनं आहे. हवा बाजूला ठेवली तर पल्ला वेगाच्या वर्गानुसार वाढतो. वेग दहा टक्के वाढला की पल्ला एकवीस टक्के. प्रत्यक्षात हवा त्यातलं बरंच गिळते, तरी फायदा उरतोच. हात जमेल तसा ब्रेक एकेक खाच कमी करायचा.

खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला हे सांगायला नको. ज्याच्या ब्रेकवर भरवसा नाही तो वळणावळणावर खोळंबतो. ब्रेक असतो तो थांबण्यासाठी, हे अर्धंच खरं. ब्रेक असतो म्हणून चालवायचं धाडस होतं.

कोकणात गरवायला जाणाऱ्या माणसाला हे सगळं वाचून हसू येईल. त्याच्याकडे ना रीळ, ना चुंबक. कातळावर दोरीची वेटोळी नीट मांडायची, शिसं डोक्यावर गरगरा फिरवायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं. वेटोळी एकामागून एक उचलली जातात. फिरायला काही नसल्यानं उधळायलाही काही नाही. इलिंगवर्थ यांना गिरणीत जे दिसलं ते त्याच्या आज्यानं कातळावरच केलं होतं. आता रत्नागिरी-मालवणकडेही काठी-रीळ घेतलेली तरुण मंडळी दिसतात. त्यांनी ते रीळ जरूर वापरावं, घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवावं. पण फेकण्याआधी मागे वळून पाहावं. आपल्या किनाऱ्यावर रविवारी भेळ खाणारी मुलं असतात, आणि निसटलेल्या शिशाला कोणी ब्रेक लावू शकत नाही. पावसाळ्यात ओल्या कातळाच्या टोकाशी जाऊ नये, हे तर गरवणारा म्हातारा त्यांना सांगेलच. लांब फेकता आलं म्हणजे लाटेशी लगट करायची गरज उरत नाही, हा या विद्येचा खरा लाभ आहे.

शेवटी एक गोष्ट राहते. हवेतले सहा-सात सेकंद संपतात, शिसं पाण्यात पडतं आणि दोरीची ओढ एकदम थांबते. रीळ मात्र अजून थोडं फिरत असतं. या क्षणी चुंबक उपयोगी नाही. वेग उतरला तशी त्याची पकडही गेलेली असते. जे वेगाला धरतं, त्याला शेवट करता येत नाही. तिथे रिळावर अंगठाच टेकवावा लागतो, आणि तोही नेमक्या क्षणी. तो क्षण चुकला तर इतका वेळ सुरळीत गेलेली दोरी शेवटच्या घटकेला गुंतते.

गच्चीवर चक्री धरणाऱ्या धाकट्यालाही हेच कळलेलं असतं. त्याला आभाळ बघायला मिळत नाही. तो फक्त हातातल्या लाकडाची थरथर ओळखतो आणि वारा पडायच्या क्षणी दोन बोटं टेकवतो. पतंग दूर गेला तर टाळ्या थोरल्याला. पण तो गेला तो या दोन बोटांमुळे.